हिव काय आजार होय?

मित्रांनो, मी एक जुना थर्मामीटर आहे. जुना म्हणालो म्हणून लगेच कीव करू नका. माझी काच शाबूत आहे, पारा शाबूत आहे, आणि आकडे थोडे पुसट झाले असले तरी ज्याला वाचायचेच आहेत त्याला वाचता येतात. माझ्या वयाचे बाकीचे थर्मामीटर कधीच फुटून गेले. कुणी खाटेवरून खाली पडला, कुणाला एखाद्या शहाण्याने उकळत्या पाण्यात धुतले. मी उरलो. उरण्यात माझे काही कर्तृत्व नाही, पण उरलो म्हणून ही हकीकत सांगायला तुमच्यापुढे आहे.

माझा जन्म कोणत्या देशात झाला ते मला ठाऊक नाही. डबीवर नाव होते, ते घासून गेले. एवढे आठवते की कुणीतरी आगीवर काचेची नळी ओढली, तिच्या पोटात केसाएवढी वाट ठेवली, त्या वाटेत पारा सोडला आणि दोन्ही टोके बंद करून टाकली. तेव्हापासून मी आत आहे. शिवाय खालच्या बाजूला माझा गळा मुद्दाम आवळलेला आहे. त्यामुळे ताप लागला की मी सरसर वर चढतो, पण आपला आपण खाली उतरू शकत नाही. कुणीतरी मनगटाने झटकावे तेव्हा माझी सुटका. लोक म्हणतात ही मोठी सोय आहे, म्हणजे आकडा सावकाश वाचता येतो. सोय त्यांची आणि गळा माझा! पारा काचेत, काच पत्र्याच्या डबीत आणि डबी बाबूभाईंच्या खिशात, असा माझा मुक्काम होता.

बाबूभाई पूर्वी ब्रह्मपुरीला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. डॉक्टर वारले तेव्हा त्यांनी सिंदेवाहीला स्टेशनच्या रस्त्यावर औषधांचे लहानसे दुकान टाकले. सकाळी दुकान, दुपारी सायकल. सायकलला कडू औषधाच्या बाटल्या बांधायच्या आणि आजूबाजूच्या खेड्यांतून हिंडायचे. अंगावर खाकी कोट बारा महिने, आणि कोटाच्या वरच्या खिशात मी.

त्या काळात, म्हणजे एकोणीसशे पन्नासच्या सुमारास, माझा काय मान होता म्हणून सांगू! खेड्यात मला "ताप पाह्याची कांडी" म्हणत. बाबूभाईंनी डबीचे झाकण फिरवले की ओसरीवरची माणसे गप्प होत. पुष्कळांना वाटे की ताप मीच उतरवतो. एक म्हातारी तर मला तोंडातून काढल्याबरोबर म्हणाली होती, "आता लई बरं वाटून राह्यलं, बाबूभाई. अजून एक डाव लावा ना जी." बाबूभाईंनी लावला. मीही मुकाट्याने लावून घेतले. खोटा मान घेऊ नये हे मला कळते, पण मान कोणाला नको असतो?

आता तुम्हाला हिवाबद्दल सांगायला हवे, कारण पुढचा सगळा घोळ त्या एका शब्दाचा आहे.

आमचा चांदा जिल्हा म्हणजे तळी, जंगल आणि धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातखाचरे. बांध्यांतून पाणी साचलेले आणि डास तर घरचेच. धान निसवायला लागले, म्हणजे त्याला लोंब्या फुटू लागल्या, की घरोघर हिव भरायचे. दुपारी दात वाजू लागत, अंगावर चार वाकळी घेतल्या तरी माणूस खाटेसकट हलायचा. मग तो तापायचा, मग घामाघूम होऊन झोपायचा. दुसऱ्या दिवशी काही नाही. उठून बांधीवर कामाला. तिसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा दात वाजायला सुरुवात. हा पाळीचा ताप. पुस्तकात त्याला हिवताप म्हणतात. पण आमच्याकडे त्याला कुणी आजारात धरतच नसे. आजार म्हणजे देवी, आजार म्हणजे पटकी. हिव हे आपले आठवडी बाजारासारखे, ठरल्या दिवशी येणारे. माणसे एकमेकांना सांगत, "आज नाई येत मी, आज माही पाळी हाये. उद्या येतो." आणि उद्या खरेच येत. मी एकशे चारवर ओरडून ओरडून थकलो तरी कुणी त्याला आजार म्हणाले नाही.

अशा माणसांतलेच एक गुणवंतराव. ते शेतीखात्यात कामदार होते, म्हणजे गावोगाव जाऊन शेतकऱ्यांना नवे बियाणे, नव्या पद्धती समजावून देण्याची त्यांची नोकरी. सिंदेवाहीतच राहत. बाबूभाई त्यांचे जिवाचे दोस्त. दोघांच्या सायकली पुष्कळदा एकाच रस्त्याला लागत, आणि पाळीच्या दिवशी गुणवंतराव ज्या गावात असत तिथल्या कुणाच्या तरी ओसरीवर आडवे होत. बाबूभाई मला त्यांच्या जिभेखाली ठेवत, कडू औषध पाजत, आणि संध्याकाळी दोघे गप्पा मारत परत येत. म्हणून गुणवंतरावांचा ताप मला तोंडपाठ होता.

त्या वर्षांत धानाच्या जपानी पद्धतीचा मोठा गाजावाजा होता. दोरी लावून सरळ ओळीत रोवणी, म्हणजे भाताची लावणी, करायची, पऱ्हे, म्हणजे रोपे, विरळ आणि निवडक लावायचे. गुणवंतराव स्वतः चिखलात उतरून दोरी धरत. लोक त्यांना "जपानी भाऊ" म्हणून चिडवत. ते हसत, पण एकदा बाबूभाईंच्या दुकानात बसले असता म्हणाले, "बाबूभाई, मले एका गोष्टीची लाज वाटते. मी जे लोकायले सांगून राह्यलो ना, ते मी सोताच्या डोळ्यानं पाह्यलंच नाई. कागदावर वाचलं अन् सांगतलं. एक डाव त्या लोकायची रोवणी पाह्याले भेटली पाह्यजे."

आणि मित्रांनो, पंचावन्न साली तशी संधी आली! प्रांतातून काही कामदार निवडून एका वर्षासाठी जपानला पाठवायचे ठरले आणि त्यांत गुणवंतरावांचे नाव निघाले. त्या दिवशी बाबूभाईंनी दुकानात आलेल्या प्रत्येकाला ही बातमी सांगितली, औषध घ्यायला आलेल्यालाही आणि नुसता रस्ता विचारायला आलेल्यालाही.

मात्र एक अट होती. परदेशात आजारी पडलात तर उपचार कोणी करायचे, म्हणून जाणाऱ्या प्रत्येकाने वर्षभराचा आजारपणाचा विमा काढलाच पाहिजे. विमा नाही तर जहाज नाही, आणि मध्येच विमा तुटला तर तिथे राहणे नाही. कार्तिक महिन्यात नागपूरहून एका विमा कंपनीचे एजंटसाहेब आले. दुकानाच्या बाकावर बसून त्यांनी दोन फॉर्म पुढे ठेवले. एक पांढरा आणि एक निळा.

"हा पांढरा निरोगी माणसासाठी," एजंटसाहेब म्हणाले. "परदेशात कोणतंही नवं दुखणं झालं तर कंपनी सगळं बघेल. पण जुनं दुखणं उलटलं तर कंपनी जबाबदार नाही. निळा ज्याला जुनं दुखणं आहे त्याच्यासाठी. त्याला हप्ता जास्त, आणि चांद्याला जाऊन मोठ्या डॉक्टरांकडून रक्त तपासून आणायचं. पण मग जुनं उलटलं तरी कंपनी पाठीशी. बोला, कोणता भरायचा?"

गुणवंतराव हसले. "मले कोणतं दुखणं हाये जी? बारा वर्सं नोकरी झाली, आजारपणाची एक रजा नाई माह्यावाली."

ते खोटे बोलत नव्हते. रजा त्यांनी खरेच घेतली नव्हती. शेजारी त्यांची पत्नी आशाबाई डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या, त्यांनीही मान हलवली. एजंटसाहेबांनी पांढरा फॉर्म घेतला आणि वाचून विचारले, "गेल्या पाच वर्षांत कोणता आजार?"

"नाई जी."

"कोणताच नाही?"

"कोणताच नाई."

साहेबांनी तसे लिहिले. पांढऱ्या फॉर्मला मोठा डॉक्टर लागत नव्हता. नाडी आणि ताप कुणी जाणत्याने पाहून सही केली तरी चालत होते. तो जाणता म्हणजे बाबूभाई. त्यांनी मला झटकले, स्पिरिटने पुसले आणि गुणवंतरावांच्या जिभेखाली ठेवले.

मित्रांनो, तो दिवस पाळीच्या मधला होता. आदल्या दुपारी याच जिभेखाली मी एकशे चारवर गेलो होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा जाणार होतो. पण त्या दिवशी मी निरोगी माणसाच्या खुणेवर जाऊन थांबलो, कारण त्या घडीला ताप खरोखर नव्हता. मला दुसरे काय करता येणार? या क्षणी किती, एवढे एकच वाक्य मला येते. काल किती होता आणि उद्या किती असेल हे माझ्या काचेवर लिहिलेलेच नाही. मी खरे बोललो आणि माझ्या खऱ्याने मोठे खोटे उभे केले. आत काचेत मी तडफडत होतो, पण काच कधी तडफडताना दिसते का?

बाबूभाईंनी मला उजेडात धरून फिरवले. त्यांचा हात जरा थबकला. त्यांना कालचा दिवस आठवला असणार. त्यांनी गुणवंतरावांकडे पाहिले. दोस्ताचा चेहरा नुसता फुललेला होता. निळा फॉर्म म्हणजे चांद्याची खेप, रक्ताची तपासणी, सगळी धावपळ, आणि फॉर्मची मुदत तर आठ दिवसांत संपणार. शिवाय हिवाला आजार म्हणायचे त्यांच्याही तोंडी नव्हते. "नॉर्मल हाये जी," ते म्हणाले आणि त्यांनी सही केली.

माघ महिन्यात गुणवंतराव छोट्या लाइनीच्या रेल्वेने निघाले, कलकत्त्याला जहाजात बसले आणि जपानला पोचले. त्यांची पत्रे दुकानाच्या पत्त्यावर येत. आशाबाईंना वाचायला अडखळायचे, म्हणून त्या दुकानात येत आणि बाबूभाई मोठ्याने वाचून दाखवत. "येथे अजून फार थंडी आहे. धानाचे पऱ्हे तेलाच्या कागदाखाली ऊब देऊन वाढवतात. मी कागद उचलून रोज पाहतो. रोवणी जून महिन्यात आहे. आता तेवढीच वाट पाहत आहे." आशाबाई पत्र पुन्हा वाचायला लावत. बाबूभाई पुन्हा वाचत, तिसऱ्यांदाही वाचत. ते दिवस चांगले होते.

चैत्र संपता संपता आलेले पत्र मात्र बाबूभाईंनी आधी मनात वाचले. मग आशाबाईंना म्हणाले, "भाऊले थोडंसं हिव भरलं म्हणते, बाई. दवाखान्यात ठेवलं हाये. लई चांगला दवाखाना हाये."

"हिव व्हय?" आशाबाई हसल्या. "मले वाटलं काय झालं त काय नाई!"

बाबूभाईंनी पुढचे वाचले नाही. पुढचे त्यांनी त्या गेल्यावर पुटपुटत वाचले म्हणून मला कळले. "डॉक्टरांना रक्तात हिवतापाचे जंतू सापडले. हे नवे की जुने, असे ते विचारतात. मला आता पांढऱ्या फॉर्मचा अर्थ कळला, बाबूभाई. खरे सांगितले तर विमा तुटतो आणि मला परत पाठवतात. खोटे माझ्याने सांगवत नाही. म्हणून त्यांची भाषा समजत नसल्यासारखे करून पडून आहे. रोवणीला एक महिना उरला. तुम्ही सांभाळून घ्या."

सांभाळून कसे घ्यायचे? बाबूभाईंनी पत्राची घडी घालून ते माझ्याच खिशात, डबीमागे सरकवले.

वैशाखात एजंटसाहेब पुन्हा आले. कंपनीने त्यांनाच चौकशीला पाठवले होते. दुपारची वेळ, बाहेर ऊन असे की रस्त्यावर कुत्रे नव्हते. आमच्याकडच्या उन्हाळ्यात माझे फार हाल होतात. माणसाच्या तापासाठी घडवलेला मी, माझी नळी एकशे दहावर संपते, आणि चांद्याची हवाच त्याच्या वर जाते. तेव्हा बाबूभाई मला ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या पायाशी ठेवत, नाहीतर मी केव्हाच फुटलो असतो. तरीही पारा वर अगदी टोकाला टेकलेला असे. पुढे जागा नाही आणि मागे येता येत नाही. त्या दिवशी दुकानातल्या तिन्ही माणसांची अवस्था माझ्यासारखीच होती.

तिघे म्हणजे बाबूभाई, आशाबाई आणि एजंटसाहेब. साहेब काही दुष्ट नव्हते. त्यांनी माठातले पाणी घटाघटा पिऊन घाम पुसला आणि वही उघडली. "हे पाहा, मला जे ऐकू येईल ते लिहावं लागतं," ते म्हणाले. "बाबूभाई, तपासणीवर सही तुमची आहे. गुणवंतरावांना हा आजार आधी होता?"

"आजार असा कोणता नव्हता जी," बाबूभाई म्हणाले. 

साहेब आशाबाईंकडे वळले. "बाई, घरी कधी आजारी पडायचे का?"

"नाई जी, कधीच नाई! एक दिवस खाट नाई धरली त्यायनं."

साहेबांनी पेन्सिल वहीवर टेकवली. त्यांचे आजोळ आमच्याच जिल्ह्यातल्या नागभीडचे होते, हे मागच्या खेपेला ते स्वतःच सांगून गेले होते. मान वर न करता त्यांनी विचारले, "आणि हिव?"

आशाबाई हसल्याच. पाहुण्याने काहीतरी भोळे विचारल्यावर हसावे तसे. "हिव त येतेच ना जी! दरसाली येते. कार्तिकात त एक दिवसाआड भरे. पण हिव काय आजार होय? हिव कोणाले येत नाई?"

बाबूभाईंनी डोळे मिटून घेतले. पेन्सिलचा आवाज ऐकू येत होता.

मित्रांनो, मला कधी इतका संताप आला नव्हता. हा शब्द या माणसाला ठाऊक होता! आजोळच्या ओसरीवर त्याने तो शंभरदा ऐकला असेल. मग कार्तिकात फॉर्म भरताना त्याच्या तोंडी तो का आला नाही? तेव्हा "आजार" विचारला, कारण कागदावर "आजार" छापले होते. "हिव येते काय" एवढेच विचारले असते तर गुणवंतराव असेच हसून "येते ना जी" म्हणाले असते, निळा फॉर्म भरला असता आणि धावपळ करून वेळेत रक्तही तपासून आणले असते. विमा विकताना एक भाषा आणि विमा तोडताना दुसरी. मला ओरडायचे होते. पण मी टोकाला टेकलेला, ओल्या फडक्यात गुंडाळलेला, माझ्याने काय होणार होते?

साहेब गेल्यावर आशाबाईंनी विचारले, "काऊन जी बाबूभाई, माह्यं काई चुकलं काय?"

"नाई बाई," बाबूभाई म्हणाले. "तुमचं काय चुकन? जा, ऊन उतरलं म्हणजे घरी जा."

पंधरा दिवसांनी कंपनीचे पत्र आले. जुने दुखणे लपवल्यामुळे विमा रद्द. पत्र इंग्रजीत होते. घरच्या माणसाच्या जबानीवरून, असे त्यात स्पष्ट लिहिलेले होते. बाबूभाईंनी आशाबाईंना ते वाचून दाखवताना सांगितले, "कंपाउंडरच्या सांगण्यावरून, असं लिहिलं हाये." आशाबाई त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. त्या अडाणी असतील, खुळ्या नव्हत्या. त्या दुपारी कोण काय बोलले हे त्यांना चांगले आठवत होते. पण त्या पत्र पदरात बांधून निघून गेल्या.

विमा नाही तर राहणे नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात, तिकडे रोवणीला चार दिवस उरले असताना, गुणवंतरावांना परतीच्या जहाजात बसवून दिले. ते सिंदेवाहीला उतरले ते घरी जायच्या आधी तडक दुकानात आले. अंगावर तिकडचा कोट होता आणि तोंड उतरलेले होते.

"म्या तिथी महिनाभर तोंड बंद ठेवलं, बाबूभाई," ते म्हणाले. "मंग इथी कोणी सांगतलं?"

मी खिशात होतो. बाबूभाईंनी हातातली बाटली फळीवर ठेवली.

"मी सांगतलं, भाऊ," बाबूभाई म्हणाले.

"काऊन?"

"खरं होतं म्हणून."

गुणवंतराव दाराकडे वळले. मग म्हणाले, "सही करतानी खरं कुठी गेल्तं?" आणि निघून गेले.

त्यांचा हा प्रश्न बाबूभाईंना लागला. मला वाटते, म्हणूनच त्यांनी तो आळ आपल्यावर घेतला होता. कार्तिकातली ती सही त्यांना आत कुठेतरी टोचत होती आणि आशाबाईंना वाचवता वाचवता त्यांनी स्वतःला शिक्षा करून घेतली. पण ते कुणाला बोलले नाहीत, आणि मला तर बोलताच येत नाही. ते खोटे बाबूभाईंच्या छातीत आणि मी त्यांच्या खिशात, दोघे दोन वर्षे अगदी शेजारी शेजारी कोंडलेले होतो.

दोन वर्षे गुणवंतराव दुकानाच्या रस्त्याने आले नाहीत. सायकल स्टेशनच्या मागून वळवून नेत. दोरी धरून रोवणी शिकवायचे, पण आता जपानचे नाव काढत नसत. कुणी विचारले तर म्हणत, "म्या त्यायचे पऱ्हे पाह्यले. रोवणी नाई पाह्यली." आणि घरी बाबूभाईंचे नाव निघाले की ताटावरून उठत. हे मला कसे कळले? पुढे आशाबाईंच्याच तोंडून ऐकले.

अठ्ठावन्न सालच्या भादव्यात आशाबाई एकदा भर दुपारी दुकानात आल्या. दोन वर्षांत पहिल्यांदाच. "बाबूभाई, त्यायले लई हिव भरलं हाये," त्या म्हणाल्या. "तीन पाळ्या झाल्या, बडबडून राह्यले. तुमाले येऊ देत नाई. मले तुमची कांडी द्या. मी लावते, अन् तशीच आणून तुमाले दाखवते."

बाबूभाईंनी मला डबीतून काढून झटकले, कसे धरायचे ते दाखवले आणि त्यांच्या हाती दिले. आयुष्यात पहिल्यांदा मी बाबूभाईंना सोडून, दुसऱ्याच्या मुठीत चाललो होतो. आशाबाई जवळजवळ धावतच होत्या. मला वाटले, काही मी आज वाचत नाही.

गुणवंतराव खाटेवर पडले होते. थंडी ओसरून अंग तापू लागले होते, भान बऱ्यापैकी होते. आशाबाईंनी मला त्यांच्या जिभेखाली ठेवले आणि म्हणाल्या, "तोंड मिटून ठेवा. बोलू नोका. काच फुटली त पारा पोटात जाईन."

त्यांनी तोंड मिटले. मग आशाबाई खाटेजवळ खाली बसल्या, आणि दोन वर्षे ज्यांनी तोंड उघडले नव्हते त्या बोलू लागल्या.

"तुमी जपानाहून परत आले ना, ते बाबूभाईच्या सांगण्यानं नाई. त्या मानसानं आजार नाई म्हणूनच सांगतलं होतं. मी बोलली. तो साहेब म्हणे, हिव येते काय, अन् मी हासून म्हणली, येते ना जी. मले का मालूम, हिव म्हणजे आजार होय म्हणून? बाबूभाईनं माह्यं बोलणं आपल्या डोक्शावर घेतलं. मी भेली. तुमी मले टाकसान म्हणून भेली. रोज तुमी त्यायले बोल लावता अन् मी भाकर वाढते. आता नाई सोसत मले."

मित्रांनो, गुणवंतरावांचे दात माझ्यावर आले. अजून थोडा जोर आणि मी संपलो असतो. मला माझी काच करकरताना ऐकू आली. एवढी वर्षे बाहेर पडण्यासाठी तळमळलो, आणि त्या घडीला मनात एकच होते की देवा, आता मला फुटू देऊ नको, नाहीतर या बाईचे बोलणे अर्ध्यावर राहील.

दातांचा जोर हळूहळू सैल झाला. गुणवंतरावांच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होते. त्यांनी मला स्वतःच तोंडातून काढून आशाबाईंच्या हातात ठेवले.

"आकडा किती हाये?" आशाबाईंनी रडत रडत मला उलटेसुलटे फिरवत विचारले. "मले नाई वाचता येत. तुमी पाहा ना."

आकडे वाचणे हे गुणवंतरावांच्या रोजच्या कामातले होते. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही.

"मले नाई दिसत," ते म्हणाले. "बाबूभाईले बोलाव."

पुढचे काय सांगू? बाबूभाई सायकल घ्यायला विसरले आणि पायीच धावत आले. त्यांनी मला उजेडात धरले, एकशे तीन म्हणाले, औषध ओतले.  गुणवंतराव औषध पिऊन तोंड वाकडे करत म्हणाले, "लेकाच्या, अजून तेवढंच कडू बनवून राह्यला तू?" आणि बाबूभाई तोंड फिरवून डोळे पुसत बसले.

जपानची रोवणी मात्र गुणवंतरावांना पुढे कधीच पाहायला मिळाली नाही. तशी संधी पुन्हा आली नाही. ते दुःख कडू औषधाने जाणारे नव्हते आणि गेलेही नाही.

आता मी एका डबीत पडून असतो, क्वचितच कुणी मला काढते. त्याची तक्रार नाही. पण मित्रांनो, तुमच्यातले पुष्कळ जण मोठे होऊन दूर दूर जातील. तुमच्यापुढेही असे पांढरे-निळे कागद येतील आणि कुणीतरी घाईघाईने विचारील, काही आजार आहे का? जे मोठेपणी असे प्रश्न विचारायच्या नोकरीत जातील त्यांना माझे हात जोडून सांगणे आहे की समोरच्या माणसाच्या घरात दुखण्याला जो शब्द आहे, त्या शब्दाने विचारा. आणि जे उत्तर देणार आहेत त्यांनी पेन उचलण्याआधी घरच्या माणसाला शेजारी बसवावे आणि विचारावे, मला काय काय होत असते ग? ती "त्यात काय सांगायचं!" म्हणून हसेल. ज्या गोष्टीला ती हसेल, ती आधी लिहा.